खुर्च्यांखालची वाट

सोलेन कॅथेड्रलच्या दारातून आत आली आणि थबकलीच. जमिनीवरचा चक्रव्यूह दिसतच नव्हता. त्याच्यावर गवती बैठकीच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

लहानपणी दरवर्षी आई तिला ल माँ शहरातून इथे शार्त्रला आणायची आणि फरशीतली ती वळणावळणाची वाट दोघी चालायच्या. आईची सुट्टी शुक्रवारी असे. खुर्च्या शुक्रवारीच हलवतात, हे सोलेनला कधी कळलंच नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात आई गेली आणि तीन आठवड्यांनी बाझील जन्मला. बाळाला त्या वाटेवरून न्यायचं, एवढंच आईनं मागितलं होतं. आज गुरुवार, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, म्हणून सोलेनला सुट्टी मिळाली होती. उद्या पुन्हा कामावर.

खुर्च्या सरळ करणाऱ्या मादाम तिबोंना तिनं सगळं सांगून पाहिलं. सणाला गर्दी जास्त म्हणजे खुर्च्याही जास्त, उलट आज दोन ओळी वाढवल्यात, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना होती. सोलेननं मान हलवली. डोळे भरून आले, तशी तिनं कडेवरच्या बाझीलला खाली ठेवलं आणि रुमाल शोधू लागली.

रुमाल सापडेपर्यंत पोरगं रांगत खुर्च्यांखाली शिरलं होतं.

"बाझील, मागे ये!"

"त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही आज गुरुवार आहे ते," मादाम तिबो म्हणाल्या. मग आवाज हलका करून, "जा गं पोरी, तूही जा. पूर्वी लोक ही वाट गुडघ्यांवरच जायचे. मी तिकडे बघत नाही."

सोलेन गुडघ्यांवर बसली. खुर्च्यांच्या पायांमधून गुळगुळीत, गार दगड पुढे जात होता. निळ्या काचेतून आलेला उजेडाचा एक तुकडा बाझीलच्या पाठीवरून घसरला. त्याला वळणांचं काय! अकराच्या अकरा फेरे आडवे कापून तो सरळ चक्रव्यूहाच्या मधोमध असलेल्या दगडी फुलात जाऊन बसला आणि दगडाला जीभ लावली. आईला हीच वाट चालायला अर्धा तास लागायचा.

"लबाड," सोलेन त्याच्या कानाशी म्हणाली, "आजीनं तुला वाटेच्या तोंडाशी परत नेऊन पहिल्यापासून चालायला लावलं असतं."

आणि हसू आवरेना, म्हणून तिनं तोंड त्याच्या मानेत लपवलं.