साध्या पाण्यावरचे उंदीर

"एकही नाही मेला?" वैदेही मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

पंढरीनं मान हलवली. चाळीसच्या चाळीस उंदीर मजेत दाणे कुरतडत होते आणि मॅडम रडायच्या बेतात. उंदीर जगले म्हणून कुणी रडल्याचं तुर्भ्याच्या त्या प्रयोगशाळेतलं हे पहिलंच उदाहरण.

शिरवण्याचा पंढरी तिथे अकरा वर्षं उंदीर सांभाळत होता. त्याची चाहूल लागली की उंदीर मिशा पुसून रांगेत बसत, असं तिथला शिपाई सांगे. खोटं कशाला बोलू, मी पाहिलंय. एक म्हातारा उंदीर तर उठून उभा राही.

मॅडमचा प्रबंध समुद्रशेवाळावर होता. शेवाळातल्या बुळबुळीत साखरेनं अंगातल्या राखणदार पेशी जाग्या होतात, असं त्यांना दाखवायचं होतं. म्हणून वीस उंदरांना शेवाळाचा अर्क, विसांना साधं पाणी, आणि मग सगळ्यांना सारखेच जंतू टोचायचे. पाणीवाले गेले आणि अर्कवाले तगले, तर तीन वर्षांचं सार्थक. इथे सगळेच तगले. मग गुण अर्काचा, की जंतूच मरतुकडे? आणि प्रबंध मार्चअखेर द्यायचा होता.

पंढरी बराच वेळ एकच झाकण पुसत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, पानीवाल्यांना बी मीच पाजला तुमचा काढा. उरायचा तो."

"का पण?"

"एका पंगतीला बसवलंत. निम्म्यांना वाढायचं, निम्म्यांनी बघायचं? असल्या वाढप्याला आमच्या गावात परत लग्नाला कुनी बोलवनार नाय."

मॅडमना हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. प्रयोगशाळेच्या साहेबांना कळतं तर पंढरीची नोकरी जाती. त्यांनी चूक स्वतःच्या माथी घेतली आणि पंढरीनंच वाढवलेल्या दुसऱ्या चाळीस उंदरांवर प्रयोग करायला सहा महिने मागून घेतले. या खेपेला पाणी पाजायला दुसरा माणूस लावते, म्हणाल्या.

"नको. माज्याच हातानं पाजतो. त्यांना माजी सवय हाय."

त्यानं आपणहून अर्काच्या कपाटाची किल्ली मॅडमकडे दिली. रोज उरलेला अर्क त्यांच्यादेखत मोरीत ओतला. जंतू टोचल्यावर सहाव्या दिवसापर्यंत पाणीवाल्यांतले सोळा गेले. अर्कवाले दोनच. मॅडमनी आकडे लिहिले. आयुष्यातला सगळ्यांत मोठा आनंद त्यांनी पंढरीकडे न बघता साजरा केला.

पंढरीनं उरलेल्या चौघांचा पिंजरा धुतला, नवा भुसा पसरला. बाटलीत साधं पाणी भरलं आणि चौथा पिऊन बाजूला होईपर्यंत ती हातानं धरून उभा राहिला.