वाजवून पाहिलेलं चाक

वांडाच्या गॅरेजात एकोणीस ग्राइंडर राहत होते, त्यामुळे गाडीला बाहेर बर्फात राहावं लागे. मिलवॉकीच्या दक्षिणेकडच्या त्या गल्लीत याचं कुणाला नवल नव्हतं. निम्मी गल्ली कारखान्यांतून निवृत्त झालेली, आणि कारखाना सुटला तरी हात कुठे स्वस्थ बसतात? समोरचा ग्लेन जुन्या करवती जमवायचा. दोघं एकमेकांच्या वेडाला नावं ठेवत हिवाळा काढायचे.

“घरात चाकू दोन आणि धार लावायची यंत्रं एकोणीस!” ग्लेन म्हणायचा.

“बाकीची तुझ्या डोक्यासाठी ठेवलीत,” वांडा म्हणायची. “एकाने भागायचं नाही.”

एखादा जुना कारागीर गेला आणि त्याच्या घरच्यांनी सामान विकायला काढलं, की सकाळी सातला ही सासष्ट वर्षांची बाई रांगेत हजर. गंजलेला ग्राइंडर घरी आणायचा, सुटा करायचा, बेअरिंग बदलायची, सडलेल्या वायरी काढून नव्या टाकायच्या, रंग खरवडून पुन्हा चढवायचा. मग दोन टोकांची दगडी चाकं न लावता नुसता दांडा फिरवून बटण बंद करायचं आणि तो थांबायला किती वेळ घेतो ते घड्याळावर मोजायचं. काम चोख झालं असेल तर दांडा मिनिटभर तरी आपल्या मस्तीत फिरत राहतो.

लोकांना वाटे, हौस आहे. हौस होतीच. पण आणलेला प्रत्येक ग्राइंडर ती आधी उजव्या बाजूने उघडायची, तेसुद्धा एकटी असताना. का, ते तिने एकेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी वांडा आणि तिचा थोरला भाऊ रोमन एकाच कारखान्यात होते. तो धार लावायच्या खात्यात आणि ती सामान द्यायच्या खिडकीत. नवं चाक देण्याआधी खिडकीतल्या माणसाने ते बोटावर टांगून पेचकसाच्या लाकडी मुठीने वाजवायचं, असा तिथला नियम. चाक धडधाकट असेल तर टण्ण वाजतं. आत तडा असेल तर ठप्प. वाजवून झालं की चाकाच्या मध्यावर चिकटवलेल्या गोल कागदाच्या कडेला पेन्सिलीने आपली खूण करायची. वांडाची खूण म्हणजे बरोबरची खूण आणि तिच्या शेपटीशी एक ठिपका. ती इतकी दाबून करायची की कागदावर चरा उमटायचा. चाक खोटं निघालं तर रोमन कानावर अडकवलेली लाल मेणपेन्सिल काढायचा, कागदावर फुली मारायचा आणि हातोड्याने चाकाचे तुकडे करायचा. चुकूनही कुणी ते वापरायला नको, म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तिने रोमनला नवं चाक दिलं. त्याने ते बसवलं, समोर उभं राहून बटण दाबलं आणि चाक फुटलं. रोमन जागच्या जागी गेला. त्याचा मुलगा क्लेटन तेव्हा आईच्या पोटात होता.

आपण ते चाक वाजवलं होतं का? वांडाला आठवत नव्हतं. रोमनचं “दे गं लवकर” आठवत होतं, चाकाचा हाताला लागलेला गारवा आठवत होता, आदल्या रात्री नाचून दुखणारे पायसुद्धा आठवत होते. आवाज तेवढा आठवत नव्हता. चौकशीत तिने सांगितलं, “वाजवलं होतं.” सख्ख्या बहिणीचा शब्द कोण खोटा मानणार? सगळ्यांनी तिलाच जवळ घेतलं, आणि त्याचीच तिला जन्मभर लाज वाटली.

चाकावरचं ओतीव झाकण त्या दिवशी आतून तडकलं होतं आणि कारखान्यातल्या वेल्डरने ते पितळेने सांधलं होतं. पुढे कारखाना बंद पडला, यंत्रं चहूकडे गेली. तेव्हापासून वांडा प्रत्येक ग्राइंडरच्या उजव्या झाकणाच्या आत पितळेची एक वाकडी रेघ शोधत होती.

विसाव्या ग्राइंडरमध्ये ती सापडली.

जानेवारीतली सकाळ होती. झाकण उघडून तिने टॉर्च मारला आणि उलट्या घातलेल्या बादलीवर मट्कन बसली. रेघ तीच होती. त्या दिवसानंतर उजवी बाजू कुणी वापरली नव्हती. चाकाचे तुकडे काढून कारखान्यातल्यांनी चाक दाबून धरणारी लोखंडी चकती आणि नट तसाच दांड्यावर परत चढवला होता, आणि वरून तीनदा रंग मारला होता. चकतीला मागून त्या फुटलेल्या चाकाचा गोल कागद चिकटून राहिला होता. त्याची बोटभर कड चकतीबाहेर डोकावत होती, रंगाने बुजलेली. खूण असलीच तर त्या कडेवर, रंगाखाली असणार.

रंग उतरवणं दहा मिनिटांचं काम. वांडाने त्याला पाच आठवडे लावले. बाकीचं सगळं केलं, बेअरिंग बदलली, वायरी बदलल्या, पण चकतीवर फडकं टाकून ठेवलं. जन्मभर ज्याच्या मागे धावली ते हाताशी आलं, आणि बाईची छाती होईना.

आवाज सुरू झाला तो रेघ सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. सकाळी नऊच्या सुमारास ती स्वयंपाकघरात राय धान्याचा पाव कापत होती आणि भिंतीपलीकडून, गॅरेजातून आवाज आला. टण्ण. थोडं थांबून पुन्हा टण्ण. तिने जाऊन पाहिलं तर कुणी नव्हतं. खिळ्यांवर टांगलेल्या नव्या चाकांपैकी एक अगदी किंचित हलत होतं. दार लागलेलं, वारा नाही. तिने ते हाताने थांबवलं, आणि मग हात कितीतरी वेळ झग्याला पुसत राहिली.

मग ते रोजचंच झालं. पाव कापायला घेतला की एकेक चाक वाजे, कुणीतरी सावकाश, रांगेने तपासत जावं तसं. तिने ग्लेनला बोलावून आणलं, तेव्हा अर्थातच काही वाजलं नाही.

“थंडीने लोखंड आक्रसतं,” ग्लेन म्हणाला.

“चाकं लोखंडाची नसतात, शहाण्या.”

“मग तू आक्रसली असशील. जेवतेस का वेळेवर? शुक्रवारी चल माझ्याबरोबर मासे खायला.”

विसाव्याचा दांडा फिरवून पाहिला तेव्हा तर कहरच झाला. बटण बंद केल्यावर दांडा फिरतच राहिला. एक मिनिट, तीन मिनिटं, सात मिनिटं. ती घड्याळ धरून उभी, आणि तो गुणगुणल्यासारखा फिरतोय. असं होत नसतं. शेवटी थांबला तो खाडकन, कुणी हाताने धरावा तसा.

त्याच आठवड्यात क्लेटन आला. चाळिशीचा माणूस, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि हल्ली स्वतःच्या गॅरेजात छोटी कार्यशाळा मांडत होता. आत्याने त्याला एक ग्राइंडर कबूल केला होता.

“एकोणीसच्या एकोणीस उरावर घेऊन जाणार आहेस का गं, आत्या?” तो आल्या आल्या म्हणाला. मग विसाव्यापुढे उभा राहिला. “अरे वा! हा कुठला? मला हाच पाहिजे.”

“दुसरा घे. हा अजून झाला नाही.”

“होईपर्यंत थांबतो. काय वजन आहे याला!” त्याने दोन्ही तळवे ग्राइंडरवर ठेवले. रोमनचेच खांदे, रोमनसारखंच एका पायावर भार टाकून उभं राहणं. बरोबर समोर. चाक पहिल्यांदा फिरवताना बाजूला उभं राहायचं, हे शिकवायला त्याला बाप नव्हता.

“समोर उभा राहू नकोस!” वांडा एवढ्याने ओरडली की तो दचकला.

“अगं, चाकसुद्धा नाहीये त्याला.” तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, “तुझ्या भावाचं मनात आलं ना? आई पण अशीच ओरडते.”

‘तुझा भाऊ.’ तो कायम तसंच म्हणायचा. ज्याला कधी पाहिलं नाही त्याला बाबा कसं म्हणू, असं लहानपणी एकदा म्हणाला होता, आणि वांडा त्या दिवशी जेवली नव्हती.

तो गेल्यावर तिने चकतीवरचं फडकं काढलं. हा ग्राइंडर क्लेटनच्या घरी जाणार असेल तर आता न पाहून चालणार नव्हतं. कापसाने द्रावण लावलं आणि रंगाचा एकेक थर उतरवला. हिरवा गेला, करडा गेला, पुन्हा हिरवा. खाली पिवळा पडलेला कागद आला. दिवा जवळ ओढून भिंगाखाली तिने सगळी कड फिरवून पाहिली. रंगात पेन्सिल पुसली गेली असती, पण चरा कुठे जाणार होता? तिने कडेवरून बोट फिरवलं, डोळे मिटून नखाने चाचपलं.

कागद गुळगुळीत होता.

तिने चाक वाजवलं नव्हतं. रोमनने लवकर मागितलं आणि तिने देऊन टाकलं. ती गॅरेजच्या फरशीवर बसून रडली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. रडून हलकं वाटतं म्हणतात. तिला काही हलकं वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी आवाज आला नाही. त्यानंतरही आला नाही. त्या शांततेची तिला आवाजापेक्षा जास्त भीती वाटली.

शनिवारी दुपारी तिने विसाव्यासाठी नवं चाक निवडलं. बोटावर टांगून चार ठिकाणी वाजवलं. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण. आयुष्यात इतकं मन लावून तिने काही ऐकलं नव्हतं. कागदाच्या कडेला दाबून खूण केली, ठिपका दिला, चाक चढवलं, चकती लावली आणि नट आवळला. हात थरथरत होते, म्हणून आणखी थोडा आवळला.

रविवारी चर्च आटोपून क्लेटन आला. वांडाने त्याला कॉफी दिली, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. खिडकी, शुक्रवार, चौकशीतला शब्द, गुळगुळीत कागद. एकही गोष्ट स्वतःच्या बाजूने वळवली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, “हा तुझ्या बापाचा ग्राइंडर आहे. ने, नाहीतर भंगारात टाक. माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी काही म्हणणार नाही.”

क्लेटनने कप बाजूला सरकवला.

“माझ्या प्रत्येक वाढदिवसाला केक तू आणायचीस,” तो म्हणाला. “आई म्हणायची, आत्यासारखं माणूस नाही. आणि तुला हे माहीत होतं.”

“माहीत नव्हतं रे. भीती होती.”

“एकच झालं.”

तो उठला आणि गॅरेजात गेला. ती मागोमाग धावली. तो ग्राइंडरसमोर उभा होता, बरोबर समोर, एका पायावर भार टाकून, आणि बोट बटणावर.

“हे तरी वाजवलंस ना?” त्याने विचारलं. आवाजात विष होतं, आणि ते तिच्या वाट्याचंच होतं.

“वाजवलंय. चार वेळा. कडेला खूण आहे, बघून घे. पण बाजूला हो, क्लेटन, पाया पडते तुझ्या.”

तो बाजूला झाला नाही. पण खूण बघायला वाकला. वाकला तो तसाच राहिला.

“ही फुली कसली?”

“कसली फुली?”

“ही काय, लाल.”

वांडा जवळ गेली. तिच्या बरोबरच्या खुणेला लागून, ठिपक्याच्या पलीकडे, जाड मेणपेन्सिलीने एक लाल फुली मारलेली होती. ताजी. तिने बोट लावलं तर मेण बोटाला आलं. गॅरेजात लाल पेन्सिल नव्हती. रोमन गेल्यापासून तिने लाल पेन्सिल घरात येऊ दिली नव्हती.

“ग्लेनने चेष्टा केली असेल,” क्लेटन म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता.

वांडाने पाना घेतला. नट सोडवला, चाक उतरवून बोटावर टांगलं आणि लाकडी मुठीने हळूच वाजवलं.

ठप्प.

क्लेटनने तिच्या हातातून पेचकस घेतला आणि स्वतः वाजवलं. ठप्प. दुसऱ्या बाजूला वाजवलं. ठप्प. जिथे त्याचं बोट होतं त्या बटणाकडे त्याने पाहिलं, मग हळूच मागे सरकला, आणि आणखी एक पाऊल बाजूला.

“काल टण्ण वाजलं होतं,” वांडा पुटपुटली. “शपथेवर सांगते. मी नट फार आवळला असेल, त्यानेच तडा गेला असेल. हात थरथरत होते माझे...”

“आत्या, फुली कुणी मारली?”

“खोट्या चाकावर फुली तुझा बापच मारायचा.”

 बाहेर ग्लेन फावड्याने बर्फ ओढत होता, तेवढाच आवाज. मग क्लेटनने हातोडा शोधला, चाक फरशीवर ठेवलं आणि त्याचे तुकडे केले. असं करायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही नाही.

त्याने भिंतीवरचं दुसरं चाक काढून तिच्या बोटावर टांगलं. तिने वाजवलं. टण्ण वाजलं, खणखणीत. तिने कागदावर खूण केली, ठिपका दिला, आणि पान्याकडे हात नेला.

क्लेटनने तो हात धरला. राग अजून त्याच्या चेहऱ्यावर होता, पण हात त्याने घट्ट धरला होता. चाक त्याने तिच्याकडून घेतलं आणि कागद पुढे येईल असं परत खिळ्याला टांगलं.

“आज नको,” तो म्हणाला. “उद्या बसवू. आधी बाबांना बघू दे.”