बत्तीस नंबरचा कागद

“हा देवमन काडी फिरवू फिरवू कागदाले भोकं पाडन एक दिवस,” बडेबाबू भगवंतराव म्हाताऱ्या नत्थुजी शिपायाला सांगत होते. हळूच, म्हणजे साऱ्या कचेरीला ऐकू जाईल इतकंच.

कारकून देवमनने मान वर केली नाही. कपाशीच्या पऱ्हाटीची सोललेली काडी ओळीवरून पुढे सरकवली. जमिनीच्या फेरफाराच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी पुढच्या कागदाचा नंबर असे, डोक्यावर मागच्याचा. एकावरून दुसऱ्यावर चालत जायचं. मधे उडी मारायची सोय नव्हती.

समोर केशरबाई उभीच होती. बाक रिकामा होता, पण तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. उद्या अकोल्याच्या कोर्टात तिची तारीख. बापाचं चार एकर देवराव पाटील आपलं म्हणत होता.

काडी एकतीसवर थांबली. पुढे बत्तीस. कागदांच्या बस्त्यात बत्तीस नव्हता.

“उधईनं खाल्ला असन,” भगवंतराव म्हणाले. “तिले तीनदा सांगतलं मी.”

“उधई एकच कागद निवडून खाते काय, बडेबाबू?” देवमनने विचारलं.

तो शेवटून उलटा निघाला. चौतीस. तेहतीस : देवरावाने शेत कसायला घेतलं. कोणाकडून, ते बत्तीसात. काडी पुन्हा त्याच खड्ड्याच्या काठावर.

त्याने कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं. मग कपाटाशी स्टूल ओढून त्यावर चढला. वर गोणपाटाचं एक गाठोडं होतं. दर दिवाळीला नत्थुजी त्याची धूळ लांब काठीने झटकायचा. हात कधी लावत नसे.

गाठ सुटली. गावोगावचे सुटे कागद. सातवाच बत्तीस नंबर.

“वाचा भाऊ,” केशरबाई म्हणाली. “जोरानं वाचा.”

देवमनने काडी ठेवली. “सखाराम वल्द गोंदा. जात महार. चार एकर, खरेदीनं.”

बापाचं नाव त्या खोलीत पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने उच्चारलं गेलं. केशरबाईने पदर सारखा केला आणि बाकावर, अगदी मधोमध, बसली.

“चला, सापडला ना,” भगवंतराव घाईने म्हणाले. “उधईतून वाचला म्हणायचा.”

“उधई कुठची, बाबू!” नत्थुजी पुढे आला. “महारायचे कागद दुसऱ्याईच्या कागदाले शिवू नाई म्हणून वेगळे बांधले. तुमी सांगतलं, अन् म्या बांधले.”