शेख मुतवल्लींची अवेळी बांग

इजिप्तच्या दमिएत शहरातल्या आमच्या सुतारगल्लीत एका मेलेल्या माणसानं बांग दिली. हसू नका. ती ऐकून मासेवाल्याच्या मांजरानंसुद्धा रोजा सोडला!

मशिदीत बांग देणारे मुअज्जिन शेख मुतवल्ली हिवाळ्यात गेले. त्यांचा आवाज भोंग्यांपर्यंत नेणारं यंत्र त्यांच्याच मुलीनं, इब्तिसामनं, बनवलेलं. क्षणाचाही उशीर न खपणारी यंत्रं बनवणं हेच तिचं काम. असं यंत्र सुरू होताना आवाजासाठी मेमरीत जागा नेमून देतं आणि ती आधी शून्यांनी पुसतं. पुसण्यात वेळ जातो, म्हणून तिनं पुसणं बंद ठेवलं होतं. वडील गेल्यावर नव्या मुअज्जिनाला तिनं दुसरी जागा आखून दिली. जुनीत वडिलांच्या शेवटच्या बांगेचा तुकडा पडून होता, तिला हात लावला नाही. बॅटरीमुळे यंत्र कधी पुरतं विझत नसे, म्हणून तो तुकडा टिकला. अडखळून पुन्हा सुरू झालं, की भोंग्यातून आधी शेखसाहेबांचं एक ‘अल्लाहू अकबर’ निघे. त्यांची बायको खिडकीशी येऊन उभी राही.

रमजानात ते सूर्यास्ताच्या जरा आधी, ऊन असतानाच अडखळलं. संध्याकाळची बांग समजून गल्लीनं रोजा सोडायला खजूर तोंडात टाकले.

“सूर्य अजून नाईलवर लोंबकळतोय, आणि तुम्ही गिळायला लागलात?” इमाम ओरडले.

“शेख मुतवल्लींनीच बांग दिली!”

“गाढवांनो, ते जमिनीखाली आहेत! तिथून त्यांना सूर्य दिसतोय होय?”

सगळे हसले. तेवढ्यात गल्लीतला लाकूड-पॉलिशवाला शाबान म्हणाला, “म्हणजे आमचा रोजा मोडल्याचं पाप शेखसाहेबांच्या माथी.”

मग कुणी हसलं नाही. शेखसाहेबांनी जन्मात वेळेआधी तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी यंत्रापाशी बसल्या.

“पुसणं चालू केलं की बाबांचा आवाज गेला, आई. त्यांनी कधी रेकॉर्ड करू दिलं नाही. आधी माझ्या फोनवर काढून घेते.”

“नको.”

“अगं, एवढाच उरलाय!”

“ते लोकांना नमाजला बोलवत होते, पोरी. तुझ्या-माझ्या कपाटात बसायला नाही. पूस.”

इब्तिसामनं एक ओळ बदलली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. आम्ही मशिदीच्या अंगणात माना वर करून उभे होतो. भोंगे गप्प राहिले.

सूर्य बुडाल्यावर नव्या मुअज्जिनानं घोगऱ्या आवाजात बांग दिली.

“वेळेवर झाली ना?” म्हातारीनं विचारलं.

“वेळेवर,” मी म्हणालो.

मग ती पाणी प्यायली.