आठाची पाऊणपट

माझ्या बाबांना समुद्र कळतो. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. उभी नोकरी सुरतच्या बँकेत काढूनही विनायकराव अजून गुहागरचेच आहेत. आमच्या अडाजणच्या फ्लॅटवर पाहुणा आला की चहाबरोबर त्याला आजोबांचं गणित ऐकावं लागतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. सहानंतर पाणी उतरणार. "घड्याळ चुकेल, हे चुकणार नाही," असं म्हणून बाबा बशीत चहा ओततात.

गुहागरला ते बरोबर असेलही. सुरतेला भरती तिथल्यापेक्षा चांगली दोन-तीन तास उशिरा येते. पण बाबांना सांगणार कोण? इथल्या समुद्राला ते समुद्र म्हणतच नाहीत, चिखलाचा हौद म्हणतात.

वाल्मिकलाही ते असंच काहीबाही म्हणायचे. आम्ही दोघं सुरतजवळच्या सचिन गावात साड्या छापणाऱ्या एका कारखान्यात होतो, मी ऑफिसात, तो रंगखात्यात. तो राहायला गोडादऱ्यात, त्याचे वडील लूमवर, घरात अहिराणी. आम्हाला लग्न करायचं होतं. बाबांचा होकार नसता तरी माझं अडलं नसतं, पण वाल्मिकचं अडत होतं. "पळून गेल्यासारखं नको, सायली. काकांनी आपणहून हो म्हटलं पाहिजे," असं तो म्हणायचा. त्याच्या या चांगुलपणाची मला आजही चीड येते.

बाबांनी त्याला नुसतं झुलवत ठेवलं. 'वाल्मिकराव' म्हणायचे आणि सगळा विखार त्या 'राव'मध्ये ओतायचे. "वाल्मिकराव, तुमच्या खानदेशात पाणी टँकरने येतं ना?" तो हसायचा. मामाच्या विहिरीत पोहायला शिकलो, असं त्याने एकदा सांगितलं, तर बाबा म्हणाले, "बेडूकही तिथेच शिकतो." यावर आईसुद्धा हसली. वाल्मिकही हसला.

निवृत्त झाल्यावर बाबांनी एक महागडी सायकल घेतली होती. रविवारी डुमसच्या पुढे जाऊन ओल्या, घट्ट वाळूवर ती चालवायची आणि घरी येऊन तिला बाळासारखं पुसायचं. तिथे किनाऱ्यापासून सुटा असा वाळूचा एक लांब पट्टा आहे, मध्ये एक घळ. पट्ट्यावर बाबा कधी गेले नव्हते. त्या रविवारी अष्टमी होती. त्यांनी वाल्मिकला सायकल घेऊन बोलावलं. "पट्ट्याच्या टोकाला जाऊन येऊ. जमलं तर मग घरी बोलणी करू." बोलणी हा शब्द ऐकून वाल्मिकने आदल्या दिवशीच शेजाऱ्याची सायकल मागून आणली.

आम्ही तिघं पोचलो तेव्हा सकाळचे सहा वाजून गेले होते. घळीत घोटाभर पाणी होतं. "अष्टमीची म्हणजे भांगाची भरती," बाबा म्हणाले, "ती एवढीच चढते. आता उतरणारच."

वाल्मिकने फोन पाहिला. "काका, यात पूर्ण भरती नऊला दाखवतात. पाणी अजून चढतंय."

"आता मोबाईल मला समुद्र शिकवणार? भीती वाटत असेल तर घरी जा, वाल्मिकराव. माणूस कळला."

वाल्मिकने फोन माझ्या हातात दिला. "ओला होईल," म्हणाला आणि सायकलवर बसला.

दोघं टोकापर्यंत गेले. बाबा हात पसरून काही समजावत होते, तो मान हलवत होता. इकडे माझ्यासमोर घळ भरत होती. मी ओरडले, ओढणी हलवली. वाऱ्यात काही पोचलं नाही. ते परतले तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. घळीच्या मध्यात बाबांची सायकल गाळात रुतली, ते पडले आणि 'वाल्मिक, वाल्मिक' करायला लागले. तेव्हा 'राव' लागला नाही. वाल्मिकने स्वतःची सायकल टाकली, त्यांना काखेत धरून ओढत काठावर आणलं.

बाबा खोकले. चष्मा चाचपला. मग घळीकडे बघून म्हणाले, "माझी सायकल! ते बघा, हँडल दिसतंय. एवढंसं तर पाणी आहे, वाल्मिकराव."

मी "नको" म्हणाले. वाल्मिकने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि परत गेला.

त्याला पोहता येत होतं. पण पोहायला पाय मोकळे लागतात. सायकल उपसताना तो गुडघ्यापर्यंत गाळात गेला. "सायली, पाय निघत नाहीत गं," एवढंच तो म्हणाला, तेही ओशाळून. मी धावले. बाबांनी मला कमरेला धरून ठेवलं. साठी उलटलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. पाणी आपल्या चालीने चढत राहिलं.

दुपारी ओहोटीला सायकल आणि तो एकत्रच सापडले. बाबा सगळ्यांना सांगत होते, "काय करणार, पोराला पोहता येत नव्हतं." वाल्मिकची आई, कलाबाई, समोर बसली होती. "मना आंडोरले पव्हता येत व्हतं, भाऊ," ती म्हणाली. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत नळ सोडून त्यांनी सायकल धुतली. खाऱ्या पाण्याने चेन जाते म्हणे.

पुढे त्यांना ती विकायची होती. मी विकू दिली नाही. हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर टांगली. अष्टमी आली, की चार माणसांत मी विचारते, "बाबा, आज भरती किती वाजता?" आई डोळे वटारते. वटारू दे. त्यांनी एकदा, फक्त एकदा नऊ म्हणावं. त्याच दिवशी मी सायकल उतरवीन.

गेल्या अष्टमीला नूतनमावशी आली होती. मी विचारलं. बाबांनी कप खाली ठेवला. सायकलकडे बघितलं.

"सहा," ते म्हणाले.