जिवतीचा बेत

नंदिनीला ज्वालामुखी बघायचा होता, तोही बाबांसोबत. पहिलं मी जमवू शकलो असतो. दुसऱ्याची खात्री आमच्या घरात कोणीच देत नव्हतं. तिचा बाबा, म्हणजे माझा मुलगा नागसेन, घुग्घुसच्या कोळसा खाणीत आहे. सुट्टीच्या दिवशी कोणी कामावर आलं नाही की फोन त्यालाच येतो, आणि तो जातो. उन्हाळ्यात ताडोबा असाच राहिला, नंतर सोमनाथचा धबधबाही.

"आबाजी, लोणारले जाऊ," नंदिनी म्हणाली.

"लोणारचा खड्डा आकाशातून पडलेल्या दगडानं झाला, बेटा. आन जाण्यायेण्यातच सुट्टी सरन. आपन पहाडावरच्या जिवतीले जाऊ."

"जिवतीले कुठी ज्वालामुखी? तिथी तर तुमचा डोमा राह्यते!"

डोमा माझा जुना विद्यार्थी, तिथे शेती करतो. एसटीनं जायचं आणि त्याच्या ओसरीत मुक्काम करायचा, एवढीच आमची ऐपत.

तिची आई, म्हणजे माझी सून माधवी, चुलीजवळ पिठलं ढवळत होती. मी तिला ते ताटात ओतायला सांगितलं. पिठलं हळूहळू काठापर्यंत पसरलं.

"जमिनीले भेगा पडल्या, आन आतला तापलेला रस असाच पसरला. त्याच्यावर दुसरा थर, मंग तिसरा. थंडा झाला तो काळा दगड. जिवतीच्या पठारावर आपन त्याच्यावरच चालतो."

"शिखर नाई? धूरबी नाई?"

"नाई."

"घ्या! ज्वालामुखीबी आपल्यासारखाच साधा भेटला," माधवी म्हणाली.

तरी नंदिनी खुलली. पहाटे उठून सूर्योदय, मग माणिकगड चढायचा, मग ओढ्यातले खडक, असं ती बोटांवर मोजू लागली.

तेवढ्यात नागसेन पाळी संपवून आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. नंदिनीनं सगळा बेत सांगितला. "येतो ना, बेटा," तो म्हणाला, आणि घास हातात धरूनच भिंतीला टेकून झोपला.

नंदिनी बघत राहिली. "आबाजी, बाबा तिथीबी झोपतीन."

"झोपतीन."

"मंग मी दाखवू कोनाले?"

मुलांनी उत्तर स्वतः शोधावं, ही माझी जुनी मास्तरी सवय. मी उलट विचारलं, "तुह्या बेतात त्याच्यासाठी काय आहे वं?"

तिनं पुन्हा बोटं मोजायला घेतली.

"किल्ला नको," ती म्हणाली. "पहाटेचं उठनंबी नको. ओढ्याजवळ सावली आहे का?"

"मोहाची आहे. दाट."

नागसेनचा फोन वाजला. माधवीचा हात ताटावरच थांबला. डोळे न उघडता त्यानं फोन कानाला लावला.

"हा भाऊ... रविवारी?... नाई भाऊ, जिवतीले चाललो... काय आहे तिथी? थांबा, पोरीले इचारतो."

"झोपाले सावली आहे म्हना," नंदिनी म्हणाली.

"सावली आहे म्हंते, भाऊ." तो हसला, हसता हसता खोकला आला. पलीकडचा माणूस अजून बोलत होता. "नाई, या खेपी नाई जमत. दुसरा पाहा," म्हणून त्यानं फोन ठेवला.

"गाडी कितीची आहे वं?" त्यानं नंदिनीला विचारलं.

"उशिराची धरू," नंदिनी म्हणाली. "तुमी अगोदर जेवून घ्या."