आधी बाण बघा

“आधी बाण बघा, मग वायर धरा,” असं सगळ्यांना बजावून बाईंनी दिव्यांच्या पट्टीच्या नेमक्या उलट्या टोकाला वायर जोडली आणि बटण दाबलं.

एकही दिवा लागला नाही.

टेबलाभोवती चार-पाच माणसं वाकून उभी होती. इमारतीच्या तळमजल्यावरची सायकली ठेवायची खोली, मधोमध कुणाचं तरी टाकून दिलेलं टेबल, आणि रंगीत दिव्यांच्या छंद मंडळाची ही पहिलीच बैठक. बाईंचे यजमान मागे भिंतीला टेकून उभे होते. नोकरीभर लिफ्ट दुरुस्त करत आले म्हणून त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. वायर जोडतानाच त्यांनी चूक पाहिली होती.

तसं म्हटलं तर चूक साधी. या पट्टीवर ओळीनं बारके दिवे बसवलेले असतात. संगणकावर लिहिलेला हुकूम पहिल्या दिव्याला मिळतो, तो आपल्यापुरता रंग घेतो आणि बाकीचं पुढच्याला देतो. असं करत करत रंग शेवटच्या दिव्यापर्यंत पोचतो. ही वाट एकाच दिशेची, म्हणून पट्टीवर बाण छापलेले असतात. नवशिके एकदा तरी उलटं जोडतातच. पण बाई कसल्या नवशिक्या! शाळेत जन्मभर संगणक शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर हा नाद असा लागला की घरातलं कपाट उघडावं तर आत निळा उजेड पडे. बाईंनी प्रोग्राम लिहायचा आणि लिफ्टवाल्यांनी सोल्डरिंग करायचं, म्हणजे वायरींना कथलाचे टाके घालायचे, अशी वाटणी होती. भांडणं व्हायची ती सोल्डरिंगवरून. प्रोग्रामला नाव ठेवायची लिफ्टवाल्यांची छाती नव्हती.

अलीकडे मात्र बाई विसरू लागल्या होत्या. आधी शब्द हरवले, मग गॅस तसाच राहू लागला. मग एका दुपारी त्या वरच्या मजल्यावरच्या दाराला आपली किल्ली लावत उभ्या राहिल्या. शेजारणीनं हात धरून खाली आणून सोडलं, तेव्हा बाई हसत म्हणाल्या, “मेली सगळी दारं सारखीच!” डॉक्टर म्हणाले, आवडीचं काम चालू ठेवा, माणसांत ठेवा, याहून माझ्या हातात काही नाही. लिफ्टवाल्यांच्या हातात तर तेवढंही नव्हतं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की ते बाहेरून बोलत राहायचे, “घाबरू नका, आलोच,” आणि खरंच दार उघडून माणूस बाहेर काढायचे. इथे कुठलं दार उघडायचं तेच कळत नव्हतं. म्हणून त्यांनी हे मंडळ काढलं, जिन्याखाली सूचना लावली आणि बाईंना सांगितलं, “लोक मागे लागलेत, शिकवा म्हणून.”

“प्रोग्राम तर बरोबर आहे,” बाई पडद्याकडे बघत पुटपुटल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. शिकायला आलेले दातांचे डॉक्टर पट्टीवर वाकले, त्यांची बारीक बघण्याची सवयच. “बाई, हा बाण बघा, इकडून—”

“माझं सोल्डरिंग कच्चं राहिलंय,” लिफ्टवाले घाईनं पुढे झाले. “दे इकडे.”

“वाटलंच मला!” बाईंचा चेहरा उजळला. “बघा हो, एवढ्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण एक टाका धड येत नाही. लोक जिवंत कसे राहिले देव जाणे!”

सगळे हसले. लिफ्टवाल्यांनी कोपऱ्यात जाऊन सोल्डरिंग गन उगाच टेकवल्यासारखी केली, वायर सरळ टोकाला जोडली आणि पट्टी आणून ठेवली. लाल रंग सरसर धावत गेला, मागून हिरवा आला. टाळ्या पडल्या. त्यानंतर बाई अशा काही रंगल्या की लिफ्टवाल्यांना वाटलं, जमलं आपल्याला.

मग मंडळातल्या शिंपीणबाईंनी नाचाच्या झग्याला लावायची आपली पट्टी पुढे केली. बाईंनी ती हातात घेतली, बाण दाखवला आणि पुन्हा उलट्या टोकाला जोडली.

लिफ्टवाल्यांनी तोंड उघडायच्या आत शिंपीणबाईच म्हणाल्या, “माझाच टाका उसवला असेल हो बाई. शिवणाचा हात, वायरीला कुठला चालतोय?” आणि नंतर आपल्या पाळीला तेच झाल्यावर डॉक्टरही म्हणाले, “माझंही कच्चंच निघालं. बरं झालं, हे पेशंटच्या तोंडात नव्हतं.”

लिफ्टवाल्यांना त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि लाजही वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती आता सगळ्यांसमोर उघडली होती.

जिना चढताना बाई म्हणाल्या, “सगळ्यांचंच सोल्डरिंग एकाच दिवशी कच्चं?”

लिफ्टवाले पुढची पायरी चढले.

“मला वेड्यात काढू नका हो.” त्या कठड्याला धरून थांबल्या. “बाण दिसत होता मला. हात भलतीकडेच जात होता. जन्मभर पोरांच्या चुका काढल्या मी, त्यांना कधी लाज वाटू दिली नाही. मग माझी चूक मला का नाही सांगत?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

“मग वाटू दे ना! पुढच्या वेळी सांगा. सगळ्यांसमोर सांगा. वचन द्या.”

त्यांनी वचन दिलं.

पुढच्या बैठकीला खोलीत जास्त माणसं होती. बाईंनी छान साडी नेसली होती. त्यांनी पट्टी घेतली, वायर घेतली, हात उलट्या टोकाकडे गेला. डॉक्टर छताकडे बघू लागले. लिफ्टवाल्यांनाही तेच करावंसं वाटलं, पण वचन वचन होतं.

“अगं, बाण बघ,” ते म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. पट्टी डोळ्यांजवळ नेली, उलटीसुलटी केली आणि एखाद्या आज्ञाधारक मुलीसारखं विचारलं, “कसला बाण?”

लिफ्टवाले काय सांगणार, बाण म्हणजे काय ते त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. शिंपीणबाईंनी हळूच बाईंच्या हातातली वायर काढून घेतली आणि म्हणाल्या, “आज आम्ही जोडतो, तुम्ही रंग सांगा.” बाईंनी रंग सांगितले. ते सगळे बरोबर सांगितले.

घरी जाताना लिफ्टवाले दोन पायऱ्या मागे राहिले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून माणसानं घर घ्यावं ते बिनलिफ्टच्या इमारतीत, यावर बाई रोज एकदा तरी टोमणा मारायच्या. आज मारला नाही. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या, दाराची चौकट निरखली आणि पुढे निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, वाकून चौकटीवरून बोट फिरवलं. मग न चुकता किल्ली लावून आत गेल्या.

लिफ्टवाले चौकटीपाशी वाकले. कुलपाच्या उंचीवर, लाल नखपॉलिशनं, एक छोटा बाण काढलेला होता. त्याचं टोक घराच्या आतल्या दिशेला होतं. कडा जपून, दोनदा रंग देऊन काढलेला, जुना. रंगाचा टवकाही एके जागी उडाला होता. रोज या दारातून जा-ये करणाऱ्या, बायकोच्या हातांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणाऱ्या लिफ्टवाल्यांना तो आजवर दिसला नव्हता. वरच्या दाराला किल्ली लावून आल्या, त्या दिवशी हसता हसता त्यांनी हे ठरवलं असणार, आणि कुणाला सांगितलं नसणार.

“अहो,” आतून बाईंची हाक आली, “बाहेर काय करताय? आत या की.”

“आलोच,” लिफ्टवाले म्हणाले. “घाबरू नको, आलोच.”

आणि दाराशी तसेच उभे राहिले.